जपानची 201 मालिका: एवढी चांगली लोकल बनवणं का थांबवलं?

विचारलेला प्रश्न असा: जपानमधली 201 मालिकेची लोकल मार्च 2025 मध्ये नेहमीच्या सेवेतून गेली. त्या गाडीत एवढं विशेष काय होतं? ती एवढी चांगली होती, तर 1985 लाच तिचं उत्पादन का बंद केलं? आणि तोक्योत ती पंचविशीत भंगारात गेली, पण ओसाका-नाराकडे चाळिशी ओलांडूनही धावली, हे कसं?

मी मुंबईच्या एका कारशेडमध्ये इलेक्ट्रिकल बाजूला 31 वर्षं होतो. त्यातली बरीचशी वर्षं 1500 व्होल्ट डीसीच्या (एकाच दिशेनं वाहणाऱ्या विजेच्या) रेकखाली, म्हणजे डब्यांच्या पूर्ण संचाखाली, गेली. 201 मी दोनदा जवळून पाहिली. पहिल्यांदा 2004 मध्ये, तीन आठवड्यांच्या कामासाठी तोक्योला गेलो होतो तेव्हा, आणि नंतर 2023 मध्ये मुलाकडे ओसाकाला गेलो तेव्हा. त्यामुळे हे उत्तर पुस्तकातलं कमी आणि गाडीखालून पाहिलेलं जास्त आहे.

तिन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच पेटीत आहे. मोटर कोचच्या, म्हणजे मोटर असलेल्या डब्याच्या, पोटाखाली बसवलेली चॉपरची पेटी. चॉपर म्हणजे मोटरला जाणारी वीज सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक साधन. तिनंच 201 ला नाव मिळवून दिलं, तिच्यापायीच उत्पादन आटोपतं घ्यावं लागलं आणि शेवटी गाडी थकली तीही मुख्यतः तिच्यामुळेच.

आधी चॉपर नसलेली गाडी कशी चालते ते सांगतो, म्हणजे फरक कळेल. आमच्या जुन्या डीसी लोकलमध्ये ओव्हरहेड वायरमधून 1500 व्होल्ट आत यायचे. उभ्या गाडीच्या मोटरला ते एकदम दिले तर मोटर जळेल. म्हणून मध्ये रेझिस्टन्सच्या जाळ्या घालायच्या. मोटरमननं हँडल टाकलं की कॅमशाफ्ट फिरायला लागतो, एकेक कॉन्टॅक्टर (जाड स्विच) मिटतो, एकेक जाळी बाद होते आणि मोटरला थोडे थोडे जास्त व्होल्ट मिळत जातात. दादरला फलाटावर उभं असताना जुनी लोकल सुटली की पायाशी गरम हवेचा झोत यायचा, आठवतो का? ती त्या जाळ्यांची धग. विकत घेतलेली वीज तिथं नुसती तापून जात होती. नळ पूर्ण सोडायचा, हवं तेवढं पाणी बादलीत घ्यायचं आणि उरलेलं मोरीत जाऊ द्यायचं, असा तो कारभार होता.

जपानमध्येही तेच होतं. 1957 ची 101 मालिका आणि 1963 पासूनची 103 मालिका, दोन्ही रेझिस्टन्सवर चालणाऱ्या. 103 चे तर जवळजवळ 3,450 डबे बनले. दणकट, साधी, कुठल्याही वर्कशॉपला झेपणारी गाडी. ब्रेक लावताना तिच्या मोटर जनित्रासारख्या चालत, पण तयार झालेली वीज पुन्हा जाळ्यांमध्येच जिरवली जाई. म्हणजे निघताना उष्णता आणि थांबतानाही उष्णता. वर तासाला शंभरावर गाड्या ये-जा करणारं ते तोक्योचं जाळं.

हे आधी खुपलं ते भुयारी रेल्वेला, कारण बोगद्यातली उष्णता जाणार कुठं? तोक्योच्या भुयारी रेल्वेचा कारभार तेव्हा तेइतो रॅपिड ट्रान्झिट ऑथॉरिटी पाहत असे. त्यांनी चियोदा मार्गासाठी 6000 मालिका आणली. 1971 पासूनच्या तिच्या नियमित उत्पादनात चॉपर होता आणि ब्रेकची वीज तारेत परत पाठवायची सोयही होती. जपानी राष्ट्रीय रेल्वे मात्र बरीच वर्षं थबकून राहिली. 1973 ला तेलाचे भाव भडकले तेव्हा विजेच्या बिलाचा प्रश्न ऐरणीवर आला. अखेर जानेवारी 1979 मध्ये 201 ची 10 डब्यांची चाचणी गाडी तयार झाली आणि त्याच वर्षी ती चुओ मार्गावर प्रवासी घेऊन धावू लागली. नेमका त्याच वर्षी तेलाचा दुसरा झटका बसला. सुरुवातीच्या काळात या गाडीच्या तोंडावर चक्क 'वीज वाचवणारी गाडी' अशा अर्थाची पाटी लावलेली असे. 1981 पासून नियमित उत्पादन सुरू झालं. चुओ जलद मार्गाला शेंदरी-केशरी, चुओ-सोबु धिम्या मार्गाला पिवळी आणि क्योतो-ओसाका-कोबे धिम्या मार्गाला आकाशी निळी, असे रंग ठरले. 1985 पर्यंत चाचणीच्या 10 डब्यांसकट एकूण 1,018 डबे झाले.

आता ती पेटी. चॉपर म्हणजे कापणारा. नळ अर्धवट सोडण्याऐवजी तो सेकंदाला शेकडो वेळा पूर्ण उघडायचा आणि पूर्ण बंद करायचा. उघडा जास्त वेळ ठेवला तर मोटरला जास्त व्होल्ट, बंद जास्त वेळ ठेवला तर कमी. मोरीत काहीच जात नाही. कॅमशाफ्टचे टप्पे नसल्यामुळे गाडी झटके न देता एका ओढीत निघते. आणि ब्रेक लावला की तोच चॉपर उलट काम करतो. मोटरनं तयार केलेली वीज तारेच्या व्होल्टपेक्षा वर चढवून तारेत ढकलतो. तुमच्या मागून येणारी गाडी सुटत असेल तर ती वीज ती ओढून घेते.

ऐकायला सोपं आहे. पण ही उघड-बंद करणारी वस्तू म्हणजे थायरिस्टर, एक इलेक्ट्रॉनिक स्विच, आणि त्याची खोड अशी की तो चालू करायला एक टिचकी पुरते, बंद मात्र सांगून होत नाही. एसीवर, म्हणजे दिशा बदलत वाहणाऱ्या विजेवर, प्रवाह स्वतःच शून्यावर येतो, तेव्हा तो आपोआप मिटतो. डीसीत प्रवाह शून्यावर येतच नाही. मग त्याला जबरदस्तीनं बंद करायला कपॅसिटर, रिअ‍ॅक्टर (तारेची मोठी वेटोळी) आणि आणखी थायरिस्टर अशी सगळी फौज लागते. शेकडो अँपिअरच्या प्रवाहासाठी ही फौज किती जड होते ते गाडीखाली वाकून पाहिल्याशिवाय कळत नाही. 103 खाली जाळ्या आणि कॅमशाफ्टचा डबा, तर 201 खाली पंख्यांनी थंड ठेवायच्या मोठमोठ्या पेट्या. एवढं करून मोटर मात्र जुन्याच जातीची, ब्रश आणि कॉम्युटेटरवाली सीरीज मोटर. ताकद तेवढी वाढवली होती. 103 ची 110 किलोवॅटची, 201 ची 150 किलोवॅटची.

2004 मधली गोष्ट सांगतो. तोक्योच्या पश्चिमेला कोकुबुंजीत माझा मुक्काम होता आणि रोज सकाळी केशरी 201 नं शहरात जायचो. पहिल्याच दिवशी ड्रायव्हरच्या मागच्या काचेशी जाऊन उभा राहिलो. पांढरे हातमोजे, बोट दाखवून सिग्नल मोठ्यानं म्हणणं, हे सगळे पाहुणे पाहतात. माझं लक्ष पायाखाली होतं. दरवाजे मिटले, ड्रायव्हरनं हँडल घेतलं आणि गाडी हलण्याच्या क्षणी जमिनीतून एक सपाट, जाडसर घुमणं सुरू झालं. देवळात तंबोऱ्याची एकच तार कुणीतरी छेडत राहावं, तसं. वेग वाढत होता पण सूर तोच. नव्या तीन-फेज गाड्यांचा आवाज वेगाबरोबर चढत जातो, चॉपरचा चढत नाही, कारण उघड-बंद करण्याची गती ठरलेली असते. पुढं चाकांच्या खडखडाटात तो सूर विरून गेला. त्या 20 सेकंदांत एकही झटका बसला नाही. आयुष्यभर कॅमशाफ्टचे झटके मोजलेल्या माणसाला ते किती वेगळं वाटतं, हे इतरांना पटवणं कठीण आहे.

थांबताना आणखी एक गंमत दिसली. 201 चा हवेचा ब्रेक आमच्या ईपी (विजेच्या हुकमावर चालणाऱ्या हवेच्या) ब्रेकचा सख्खा भाऊबंद आहे. तारेतून हुकूम जातो आणि नळीतली हवा काम करते. पण आमच्याकडे सगळा भार ब्रेक ब्लॉकवर, तर तिथं आधी मोटर गाडीला अडवणार आणि कमी पडेल तेवढीच भर हवा घालणार. ब्लॉक चाकाला घासल्याचा वास फलाटावर जवळजवळ नव्हताच. आमच्याकडे तो वास म्हणजे स्टेशनची ओळख.

आत बसल्यावर लक्षात राहिली ती सीट. दोन दरवाज्यांमधल्या लांब बाकावर सात माणसांनी बसायचं असतं, पण ऐसपैस बसले तर सहातच बाक भरतो. मग सातव्याला 'जरा सरका' म्हणायची वेळ येते. आमच्या चौथ्या सीटची भांडणं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे समजावून सांगायला नको. 201 मध्ये त्यांनी मधल्या एका माणसाच्या जागेचं कापड वेगळ्या फिक्या रंगाचं केलं. मधली जागा दिसली की माणूस तिथं बसतो आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन आपोआप बसतात. ना पाटी, ना दांडा, ना सूचना. मला त्या गाडीतली ही सर्वांत हुशार गोष्ट वाटते, चॉपरपेक्षाही. पुढं तिथल्या लोकलमध्ये जागा वेगळ्या दाखवायचे असे कितीतरी उपाय आले.

बाकी गोष्टी झटपट सांगतो. लोकल गाड्यांमध्ये एअर स्प्रिंगची बोगी (डब्याखालची चाकांची चौकट) राष्ट्रीय रेल्वेनं या गाडीपासून सर्रास वापरली. नियमित उत्पादनातल्या सगळ्या डब्यांत पहिल्यापासून वातानुकूलन होतं. आणि तोंड. काच आणि काचेभोवतीचा भाग काळा, खिडक्यांची मांडणी डावी-उजवीकडे मुद्दाम वेगळी. त्याआधीच्या गाड्यांचे चेहरे गोणीच्या शिलाईसारखे सरळसोट होते. पुढच्या कित्येक वर्षांत तिथं जे काळ्या तोंडाचे डबे आले, त्यांची सुरुवात इथून झाली.

मग बंद का केली? कारण पैसा. राष्ट्रीय रेल्वे तेव्हा कर्जात गळ्यापर्यंत बुडाली होती. 1 एप्रिल 1987 ला तिचे तुकडे करून कंपन्या केल्या तेव्हा कर्जाचा आकडा 37 लाख कोटी येनच्या वर होता. चॉपरमुळे 201 चा डबा 103 पेक्षा बराच महाग पडत होता आणि विजेची बचत ही किंमत भरून काढील का, याचं गणित सगळीकडे सुटत नव्हतं. शेवटच्या काही तुकड्यांत तर खिडक्यांसारख्या गोष्टी स्वस्त करून खर्च आवरण्याची धडपड केलेली दिसते. उपाय डब्याच्या कातडीवर केला, खर्च मात्र पोटाखालच्या पेटीत होता.

मार्च 1985 मध्ये यामानोते मार्गावर 205 मालिका आली आणि 201 चा प्रश्न निकालात निघाला. 205 च्या रचनाकारांनी फार सरळ विचार केला. सुटताना जातात तेवढी वीज जाऊ द्या, जाळ्या आणि कॅमशाफ्ट ठेवा. खरी बचत ब्रेकमध्ये आहे, तर ती घ्या. त्यासाठी मोटरच्या फक्त फील्डला, म्हणजे चुंबकाच्या वेटोळ्याला, एका छोट्या इलेक्ट्रॉनिक साधनातून वेगळा प्रवाह द्यायचा. फील्ड हातात आलं की मोटरनं किती व्होल्ट तयार करायचे ते तुमच्या हातात येतं आणि वीज परत पाठवता येते. शेकडो अँपिअर कापण्याऐवजी थोडासा प्रवाह सांभाळायचा. पेटी लहान, किंमत कमी, फायद्याचा मोठा भाग हाताशी. वर डबा स्टेनलेस स्टीलचा, म्हणजे हलका आणि रंगवायची कटकट नाही. मी चॉपरवर कितीही भाळलेला असलो तरी 1985 मध्ये त्या खुर्चीत बसलो असतो तर मीही 205 वरच सही केली असती.

वीज परत पाठवण्याचं एक पथ्य मात्र सांगायलाच हवं, कारण पुढच्या गोष्टीचा धागा त्यात आहे. डीसीत परत पाठवलेली वीज जवळपासच्याच एखाद्या गाडीनं त्याच क्षणी वापरायला हवी. सबस्टेशनमधला साधा रेक्टिफायर (एसीची डीसी करणारं यंत्र) ती उलट घेऊन ग्रिडला देत नाही. घेणारं कुणी नसेल तर तारेतले व्होल्ट वर चढतात, चॉपर हात आखडता घेतो आणि ब्रेकचं काम हवेवर येतं. चुओ जलद मार्गावर गर्दीच्या वेळी दोन-दोन मिनिटांला गाडी. तिथं गिऱ्हाईक कायम दारात उभं. जिथं 15-20 मिनिटांनी गाडी येते तिथं हीच महागडी पेटी नुसती बसून राहते. आपल्याकडे 2007 मध्ये तीन-फेजच्या गाड्या आल्या आणि पुढं टप्प्याटप्प्यानं 25,000 व्होल्ट एसी झालं, तेव्हा ही अडचण मागं पडली. एसीत ट्रान्सफॉर्मरमधून वीज वर जाऊ शकते. एप्रिल 2016 मध्ये हार्बरवरची शेवटची डीसी लोकल गेली तेव्हा 1925 पासूनचा 1500 व्होल्टचा आमचा हिशेब संपला. जपानच्या शहरांतल्या बहुतेक लोकल अजून त्याच 1500 व्होल्टवर आहेत.

आता तिसरा प्रश्न. 1987 च्या वाटणीत 794 डबे पूर्वेच्या कंपनीकडे (जेआर ईस्ट, तोक्योकडची) गेले आणि 224 पश्चिमेच्या कंपनीकडे (जेआर वेस्ट, ओसाकाकडची), म्हणजे 7 डब्यांचे 32 रेक. इथून दोन भावांचे दोन स्वभाव दिसू लागतात.

पूर्वेकडे प्रवासी अफाट, उत्पन्न बरं, आणि विचार असा की जुनी गाडी दुरुस्त करत बसण्यापेक्षा हलकी, स्वस्त गाडी बनवा आणि लवकर बदला. 1993 च्या 209 मालिकेबद्दल त्यांचं घोषवाक्यच होतं, वजन अर्धं, किंमत अर्धी, आयुष्य अर्धं. अशा घरात महागडी आणि देखभालीला जड 201 फार दिवस टिकणार नव्हती. सोबु मार्गावरच्या पिवळ्या गाड्या 2001 पर्यंत गेल्या. त्यातल्या काही निळा रंग लावून केइयो मार्गावर धाडल्या. चुओवर 26 डिसेंबर 2006 ला ई233 मालिका उतरली. या गाडीत महत्त्वाची उपकरणं जोडीनं बसवलेली आहेत, एक बंद पडलं तरी गाडी वाटेत अडकू नये म्हणून. एवढ्या गर्दीच्या मार्गावर एक गाडी 10 मिनिटं अडकली तर किती गोंधळ होतो, ते कल्याण-ठाणे करणाऱ्याला विचारा.

2008 पर्यंत चुओवरच्या बहुतेक 201 गेल्या होत्या. पण दोन रेक राहिले, एच4 आणि एच7. कारण तेव्हा मिताका ते ताचिकावा हा टप्पा जमिनीवरून उचलून पुलावर नेण्याचं काम चालू होतं आणि त्या काळात मार्गाला जादा रेक लागत होते. काम संपत आलं तशी त्यांची गरज संपली. ऑक्टोबर 2010 मध्ये शेवटच्या केशरी गाडीची विशेष फेरी पर्वतांमधून मात्सुमोतोपर्यंत झाली. प्रवासी तिथं उतरले आणि गाडी पुढं नागानोला, तोडणीच्या यार्डाकडे गेली. केइयोवरची निळी जून 2011 मध्ये थांबली. म्हणजे सरासरी आयुष्य पंचविशीच्या आगेमागे. आमच्या भाषेत कोडल लाइफ 25 वर्षं पुरी झाली, कंडम केली.

पश्चिमेच्या कंपनीकडे एवढी चैन नव्हती. त्यांनी डबे वर्कशॉपमध्ये घेऊन खिडक्या, आतली सजावट आणि छताकडचे गंजणारे सांधे नव्यानं केले आणि गाडी 40 वर्षं चालवायचीच, अशा तयारीनं परत सोडली. हे काम मला फार जवळचं वाटतं. मऊ पोलादाचा डबा आधी कुठं गंजतो? पावसाचं पाणी जिथं साचतं तिथं. पन्हाळीच्या कडेला, खिडकीच्या खालच्या चौकटीत, दरवाज्याच्या खाचेत. आमच्या शेडमध्ये दर पावसाळ्यानंतर फिटर तिथं हातोडीनं टकटक करत फिरायचे. आवाज बोदा आला की खडूनं खूण. नाराच्या 201 वर या जागा मी बोट फिरवून पाहिल्या. पन्हाळीची जुनी कड झाकून टाकलेली, खिडकीची चौकट नव्या पद्धतीची. ज्यानं हे आखलं त्याला पाणी कुठून शिरतं ते नीट ठाऊक होतं.

2005 ते 2007 दरम्यान क्योतो-कोबे पट्ट्यात 321 मालिका आली आणि निळ्या 201 तिथून निघाल्या. काही ओसाका लूपवर केशरी होऊन गेल्या, काही नाराच्या डेपोत, 6 डब्यांच्या आणि पोपटी हिरव्या, तोंडावर पांढरा पट्टा घेऊन. यामातोजी मार्ग, वाकायामा मार्गाचा ओजी-ताकादा भाग, 2008 नंतर ओसाका हिगाशी मार्ग. लूपवरची शेवटची फेरी 7 जून 2019 ला झाली. तिथं वय हे एकच कारण नव्हतं. नवी 323 मालिका तीन दरवाज्यांची आहे आणि त्या मार्गावर इतरत्र जाणाऱ्या गाड्याही तीन दरवाज्यांच्या. सगळ्या गाड्यांचे दरवाजे एका जागी आले तर फलाटावर रांगा नीट लागतात, फलाटाला दारं बसवता येतात. 201 चे दरवाजे चार. हा दोष नव्हता, पण चारच्या जगातून तीनच्या जगात ती बसेना.

आणि शेवटचा टप्पा. ओसाका हिगाशीवरून ती मार्च 2022 मध्ये गेली, यामातोजीवरून मार्च 2025 मध्ये. तिच्या जागी कुठली गाडी आली? 221 मालिका, 1989 ची. दुसऱ्या मार्गांवर नवे डबे आल्यामुळे मोकळी झालेली. आणि 221 चं तंत्र कुठलं? 205 चंच. कॅमशाफ्ट, जाळ्या आणि फील्डला वेगळा प्रवाह. ज्या तंत्रानं 1985 मध्ये 201 चं उत्पादन थांबवलं, त्याच तंत्राच्या 35 वर्षं जुन्या गाडीनं तिची उरलेली जागाही घेतली. वय पाहिलं तर दोघींत फार अंतर नाही. शेवटच्या 201 आणि पहिल्या 221 मध्ये 4 वर्षांचा फरक.

याहून पुढची गोष्ट म्हणजे 201 थांबली तेव्हा तिच्या आधीच्या पिढीची 103 अजून सेवेत होती. ह्योगोमधल्या काकोगावा आणि बानतान मार्गांवर, छोट्या रेकमध्ये. 1963 ची रचना 1979 च्या रचनेला मागं टाकून उभी.

शेडमध्ये काम केलेल्याला याचं नवल वाटणार नाही. कॅमशाफ्टचा कॉन्टॅक्टर खराब झाला तर टोक कानशीनं घासता येतं, नवं टोक ओतून घेता येतं, स्प्रिंग बदलता येते. जाळी तुटली तर तुकडा बदला. चाळीस वर्षांनंतरही. थायरिस्टर मात्र वर्कशॉपमध्ये बनत नाही. बनवणारे पुढच्या पिढीकडे वळले, आधी जीटीओ, मग आयजीबीटी, म्हणजे सांगितल्यावर बंदही होणारे स्विच. जुन्या मापाचा, जुन्या ताकदीचा थायरिस्टर कुणी मुद्दाम बनवत नाही. त्याला हुकूम देणाऱ्या कार्डांचं तर विचारूच नका. आमच्या शेडमध्ये एकदा एका आयात कार्डापायी अख्खा रेक 19 दिवस उभा होता. स्टोअर्समधल्या माणसाचा रोज फोन, पुरवठादाराचं रोज तेच उत्तर, तो भाग आता बनत नाही. शेवटी एका निकामी रेकमधलं कार्ड काढून चालू रेकमध्ये लावलं. त्या दिवशी गाडी सुटली, पण आमच्या सगळ्यांच्या लक्षात आलं की आता दर वर्षी एक रेक कमी होत जाणार. कमी होत चाललेल्या ताफ्यातून सुटे भाग काढत काढत उरलेले चालवणं, हाच अशा गाडीचा शेवटचा काळ असतो. नाराला मी गेलो तेव्हा यार्डात उभे असलेले पोपटी डबे पाहून पहिला विचार हाच आला.

201 चा एकही डबा जाकार्ताला गेला नाही, हे कुणी विचारलं नाही तरी सांगतो, कारण पुढचा प्रश्न हमखास तोच येतो. जाकार्ताची लोकल 1500 व्होल्ट डीसी आणि 1,067 मिलिमीटर गेज, जपानच्या लोकलसारखीच. तिथं 103 गेली, चॉपरवालीच असलेली 203 गेली, 205 चे तर 800 वर डबे 2013 पासून गेले. मुंबईला यातली कुठलीच गाडी कधी चालली नसती. आपलं गेज 1,676 मिलिमीटर आणि आता वीजही वेगळी.

जाऊन पाहायची इच्छा असेल तर 201-1 हा डबा केशरी रंगात जपून ठेवलेला आहे; बरीच वर्षं तो तोक्योच्या पश्चिमेला तोयोदा डेपोत होता. आता तो कुठं आणि कधी पाहायला मिळतो ते आधी विचारून जा. पण तो डबा टोकाचा आहे, त्याच्याखाली मोटर नाही आणि चॉपरही नाही. तो सूर त्यातून येणार नाही.

2023 मध्ये ओजीला मी मोबाइल जमिनीपाशी धरून तो रेकॉर्ड केला होता. मोटर कोच कुठला ते मी आधी छतावरचा पँटो (तारेतून वीज घेणारा सांगाडा) पाहून शोधलं आणि त्याच्या मधोमध बसलो. मुलगा म्हणाला, बाबा, लोक बघतायत. समोर शाळेच्या गणवेशातली दोन मुलं होती, ती खरंच बघत होती. रेकॉर्डिंग एक मिनिट 40 सेकंदांचं आहे. दरवाजे मिटल्याचा आवाज, मग दीड सेकंद शांतता, आणि मग तो घुमारा, कोकुबुंजीला ऐकला होता तोच, तसूभरही वर-खाली न झालेला.